एफडी मोडा, पण पॉलिसीच्या भरवशावर सशाचे उपचार थांबवू नका

प्रश्न: आमचा सात वर्षांचा ससा चार महिन्यांत २ किलोवरून १.६५ किलोवर आला आहे. दाढा तीनदा घासून घेतल्या. दर वेळी आठवडाभर बरं खातो, पण वजन भरत नाही. पाणी दिवसाला ३०० मिली पितो. डॉक्टरांनी सीटी स्कॅन आणि दाढांची शस्त्रक्रिया सुचवली आहे. एजंटच्या सांगण्यावरून दहा दिवसांपूर्वी त्याचा विमा काढला. वेटिंग पिरिअडचे, म्हणजे क्लेम न मिळणारे, २० दिवस उरलेत, तोवर थांबलो आहोत. विम्यातून न भागणाऱ्या खर्चासाठी एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ?

उत्तर: एफडी मोडा. तुमची महिन्याची शिल्लक १०० धरली, तर पत्रातल्या रकमा त्या मापात अशा होतात: सीटीसकट शस्त्रक्रिया ४००, एफडी १०००, विम्याचा वार्षिक हप्ता १२०. ४०० चं कर्ज १५ टक्क्यांनी वर्षभरात फेडलं तर व्याज ३३ च्या घरात जातं. मुदतीआधी मोडल्याबद्दल एफडीच्या व्याजात एक टक्का कापला, तर वर्षभर ठेवलेल्या एफडीवर १० गेले. मोडलेल्या रकमेवरचं पुढचं व्याज बुडेल, पण कर्जाच्या हप्त्याइतके पैसे दर महिन्याला परत ठेवीत टाकत गेलात, तर ते धरूनही कर्ज साधारणपणे महागच पडतं.

आता तुम्ही न विचारलेलं. विम्यातून या आजाराचा एक पैसाही मिळणार नाही. पॉलिसीआधीचा आजार अशा विम्यात वगळलेला असतो, आणि क्लेमच्या वेळी कंपनी दवाखान्याच्या नोंदी मागवते. तिथे पॉलिसीच्या तारखेआधी तीनदा दाढा घासल्याचं लिहिलेलं आहे. अशा विम्यात वेटिंग पिरिअड नव्या आजारासाठी असतो, तो संपला म्हणून जुना आजार नवा होत नाही. ‘फॉर्ममध्ये लिहू नका, चालतं’ असं एजंट म्हणाला असेल, तर त्याने तुम्हाला माहिती लपवायला लावली आहे आणि त्यावर पॉलिसीच रद्द होऊ शकते. सुरुवातीच्या काही दिवसांत पॉलिसी परत करायची सोय असते का, ते कागदपत्रात आजच पाहा. असेल तर परत करा.

पण १२० चा हप्ता ही लहान चूक आहे. मोठी चूक ते २० दिवस. ३५० ग्रॅम म्हणजे साडेसतरा टक्के वजन, साठ किलोच्या माणसाचे दहा किलो उतरावेत तसं. सशाचं आतडं सतत चाऱ्यावर चालतं. दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर ते मंदावतं, शरीर चरबी जाळायला लागतं आणि ती यकृतात साठते. त्या अवस्थेतला तातडीचा उपचार ठरवून केलेल्या उपचारापेक्षा महाग असतो आणि यशाची शक्यताही कमी.

दुसरी गोष्ट तुमच्याच पत्रात आहे. दाढा घासल्यावर खातो आणि तरी वजन भरत नाही, मग दोष एकट्या दाढांचा कसा? सशाचे दात जन्मभर वाढतात. खालच्या दाढांची टोकं जिभेला लागतात, वरच्यांची गालाला. टोकं घासली की दुखणं थांबतं, पण मुळं जबड्यात वाढली असतील किंवा तिथे पू असेल, तर वरून घासून काही होत नाही. आणि मूत्रपिंड बिघडलं तरी वजन असंच उतरतं, शिवाय तहान वाढते. सशाला दिवसाला किलोमागे ५० ते १५० मिली पाणी लागतं. तुमचा १८० पितो. मात्र उपाशी ससाही जास्त पाणी पितो, त्यामुळे केवळ पाण्यावरून निदान करू नये.

म्हणून सीटीआधी क्रिएटिनिन व युरिया (मूत्रपिंडाचं काम दाखवणारे आकडे), कॅल्शियम आणि फॉस्फरस यांची रक्ततपासणी, लघवीची घनता, आणि डोक्याचा व पोटाचा एक्स-रे. मूत्रपिंडातले कॅल्शियमचे खडे एक्स-रेमध्ये दिसतात. तुम्ही कळवलेल्या दरांनी हे सगळं मिळून ५० च्या आसपास, म्हणजे अर्ध्या महिन्याची शिल्लक. हे ५० पुढचे ४०० कुठे घालायचे ते सांगतील. क्रिएटिनिन थोडंच वाढलेलं आलं तर सलाइन देऊन पुन्हा तपासायला सांगा, कारण शरीरात पाणी कमी असलं तरी तो आकडा चढतो. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक चालू असेल तर मूत्रपिंडाचा निकाल येईपर्यंत द्यायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारा.

मूत्रपिंड ठीक निघालं तर सीटी आणि शस्त्रक्रिया करा. भूल देण्याआधी त्याला उपाशी ठेवू नका. सशाला उलटी होत नाही, उलट उपासाने आतडं थांबतं. मात्र ‘एकदा ४०० खर्च केले की कायमचा बरा’ ही आशा सोडा. पुढचे दात काढले तर प्रश्न बहुधा मिटतो, दाढांचा मिटत नाही. एक काढली की समोरची वाढत राहते. घासण्याचे २५ दर सहा आठवड्यांनी धरले तर वर्षाला २०० ते २२५. शिल्लक वर्षाला १२०० आहे, ती हे पेलू शकते.

मूत्रपिंड बरंच गेलेलं असेल तर ४०० चा निर्णय घाईने घेऊ नका. भूल धोक्याची ठरते, आणि तेच पैसे त्वचेखाली द्यायचं सलाइन, वेदनाशमन आणि महिन्याच्या तपासण्यांवर जास्त उपयोगी पडतील.

तपासणीची वेळ मिळेपर्यंत रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, लेंड्यांचा आकार आणि संख्या लिहून ठेवा. लेंड्या लहान किंवा कमी झाल्या, अर्धा दिवस खाल्लं नाही, तर वेळेची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा. सिरिंजने भरवायचं रिकव्हरी फीड घरात असू द्या, पण पोट फुगलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भरवू नका.

एफडी मोडल्यावर उरलेले ५५०-६०० एकाच ठेवीत परत अडकवू नका. १०० च्या तुकड्यांत ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी एकच तुकडा मोडावा लागेल.