रॉबिन हूडचे गुण आणि दोष वेगळे काढू नकोस

प्रिय लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

इंग्रजी लोककथांतला बंडखोर धनुर्धर रॉबिन हूड याच्यावरच्या तीन ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकांची तुलना करणारा तुझा लेख काळजीपूर्वक वाचला. त्यामागची मेहनत जागोजागी दिसते, तरीही एक गोष्ट मुळातून बदलावी असे मला वाटते. तू शौर्य, औदार्य आणि निष्ठा एका भागात मांडली आहेस आणि गर्व, हट्ट व उतावळेपणा दुसऱ्या भागात. अशा मांडणीत नायकाचे प्रगतिपुस्तक तयार होते, माणूस उभा राहत नाही. कायद्याचे संरक्षण हिरावून घेतलेल्या या नायकाचा दोष बहुधा त्याच्या गुणाच्याच पोटी जन्मतो आणि त्याची किंमत अनेकदा त्याच्या शेजारी उभे असलेले कोणीतरी मोजते. ते कोण, याचा शोध हा तुझ्या लेखाचा कणा व्हावा.

1955 मध्ये सुरू झालेल्या मालिकेतला रिचर्ड ग्रीनचा रॉबिन निर्दोष आहे म्हणून सपाट आहे, असे तू लिहितेस. ते अर्धेच खरे आहे. निर्मात्या हॅना वाइनस्टाइन यांनी या मालिकेसाठी साम्यवादी असल्याच्या संशयावरून हॉलिवूडने काळ्या यादीत टाकलेल्या लेखकांना काम दिले होते. रिंग लार्डनर ज्युनिअर आणि इयान मॅक्लेलन हंटर यांच्यासारखी माणसे टोपणनावांनी लिहीत होती. अन्याय्य सत्तेपुढे न झुकणारा आणि आश्रयाला आलेल्याला न विकणारा नायक त्यांनी का रंगवला असेल, हे तुला वेगळे सांगायला नको. त्या रॉबिनचा ठामपणा खरा आहे. उणीव आहे ती रचनेत : एकूण 143 भागांपैकी बहुतेक प्रत्येक भाग अर्ध्या तासात मिटतो, पुढच्या आठवड्यात सारे पूर्वपदावर येते आणि त्याच्या कुठल्याही निर्णयाचे ओझे फार काळ कोणाच्याही अंगावर राहत नाही.

रिचर्ड कार्पेंटर यांच्या 1984 च्या मालिकेत ते ओझे राहते, म्हणून त्या मालिकेला तू सर्वांत जास्त जागा द्यावीस. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस मायकल प्रेडचा रॉबिन नॉटिंगहॅमचा सत्ताधारी अधिकारी असलेल्या शेरीफच्या सैनिकांच्या वेढ्यात सापडतो. तो सहचरी मॅरियन आणि टोळीतला सोबती मच यांना निसटून जायला लावतो, स्वतः टेकडीवर मागे थांबतो, शेवटचा बाण आकाशात सोडतो आणि धनुष्य मोडून टाकतो. प्रसंग पुन्हा पाहा, पण या वेळी रॉबिनकडे नव्हे तर निघून जाणाऱ्या दोघांकडे पाहा. दुसऱ्यांसाठी जीव देण्याची त्याची तयारी निर्विवाद थोर आहे. मात्र त्याच्याशिवाय जगण्याचा निर्णय त्याने त्या दोघांच्या वतीने एकट्याने घेतलेला असतो. पुढच्या पर्वातली मॅरियन हे दुःख सोबत घेऊन वावरते. त्याची जागा घेणारा जेसन कॉनरीचा रॉबर्ट उमरावाचा मुलगा आहे. तो लगेच पुढे येत नाही आणि दरम्यान टोळी पांगते. त्याला परतायला घर आहे, इतरांना नाही, हा भेद तुझ्या लेखात एका ओळीत संपला आहे. तिथे एक परिच्छेद तरी हवा.

बीबीसीची 2006 ची मालिका तू फारच चटकन निकालात काढलीस. जोनास आर्मस्ट्राँगचा रॉबिन धर्मयुद्धातून परतलेला आहे आणि शक्यतो कोणाला मारायचे नाही असे त्याने ठरवले आहे. हा त्याचा सर्वांत सुंदर गुण आहे, आणि त्याच गुणामुळे हाती सापडलेला शेरीफचा सरदार गाय ऑफ गिस्बॉर्न जिवंत सुटतो. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी त्याच गिस्बॉर्नच्या तलवारीने मॅरियन मरते. म्हणून रॉबिनने त्याला मारायलाच हवे होते असा निष्कर्ष मी काढणार नाही, तूही काढू नकोस. मात्र या दोन घटना लेखात शेजारी शेजारी असायला हव्यात. रॉबिनच्या टोळीतल्या अॅलन-अ-डेलचेही तसेच आहे. तो पैशांसाठी गिस्बॉर्नला बातम्या पुरवतो, हे तू विश्वासघात म्हणून नोंदवलेस. पण रॉबिनला लॉक्स्ली गावाचे प्रेम मिळते, मॅरियन मिळते, नाव मिळते. अॅलनच्या वाट्याला जंगलातली थंडी येते. आपल्या ध्येयात साऱ्यांचे समाधान आहे, असे रॉबिन गृहीत धरून चालतो.

हा दोष दूरचित्रवाणीने शोधलेला नाही, हेही लिही. पंधराव्या शतकातल्या, रॉबिन आणि मठवासी यांच्या पोवाड्यात रॉबिन नेमबाजीच्या पैजेत आपला सोबती लिटल जॉन याच्याकडून पाच शिलिंग हरतो, पैसे द्यायचे नाकारतो आणि त्याच्यावर हात उगारतो. जॉन निघून जातो, रॉबिन एकटाच नॉटिंगहॅमच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जातो आणि तिथल्या मठवाशाने ओळखल्यामुळे पकडला जातो. त्याची भक्ती आणि त्याचा ताठा इथे इतके गुंतलेले आहेत की वेगळे काढताच येत नाहीत. त्याला सोडवायला येतो तो जॉनच. पण त्या वाटेवर जॉन मठवाशाला ठार करतो आणि साक्षीदार उरू नये म्हणून मच एका लहान नोकर पोराचा जीव घेतो. पोवाडा ते एका ओळीत सांगून पुढे जातो.

लेखाचा आरंभ या पोवाड्याने कर आणि मग मालिकांकडे ये. या मांडणीत अॅलनचा भाग सध्याच्या दुप्पट होईल. नेमबाजीचे वर्णन तेवढे कमी कर. नवा खर्डा झाला की पाठव, मी वाट पाहतो आहे.

तुझा शुभचिंतक