क्लस्टरिंग असताना मॅपर कशाला वापरायचे?

क्लस्टरिंग विदेचे (डेटाचे) तुकडे पाडते, म्हणजे सारख्या नोंदींचे गट करते. ते तुकडे कुठे जोडलेले आहेत हे मात्र सांगत नाही. २००७ मध्ये सिंग, मेमोली आणि कार्लसन यांनी मांडलेल्या मॅपर या विदेचा आकार आकृतीत दाखवणाऱ्या पद्धतीत प्रत्येक बिंदूला, म्हणजे विदेतील प्रत्येक नोंदीला, एखाद्या फलनाने (ठरवलेल्या सूत्राने) मूल्य देतात, मूल्यांचा पल्ला एकमेकांवर थोड्या चढणाऱ्या पट्ट्यांत विभागतात, प्रत्येक पट्ट्यातील बिंदूंचे वेगळे गट करतात आणि ज्या गटांत एखादा बिंदू सामाईक असेल ते रेषेने जोडतात. २०११ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या जनुक-विदेच्या अशा जोडलेल्या गटांच्या आकृतीत एक लांब फांदी पुढे आली. तिच्यातील कर्करोगाच्या गाठींत सी-मिब जनुकाची पातळी जास्त होती आणि त्या सर्व रुग्ण वाचल्या होत्या. नेहमीच्या क्लस्टरिंगमध्ये हा गट विखुरला जात होता. पट्ट्यांची संख्या बदलली की आकृतीही बदलते, त्यामुळे अनेक मांडण्यांत टिकणारी फांदीच, माझ्या मते, गंभीरपणे घ्यावी.