वाचक विचारतात : वॉफल कुरकुरीत का होत नाहीत?

प्रश्न : घरी केलेले वॉफल यंत्राला चिकटतात. निघालेच तर पाच मिनिटांत मऊ पडतात. काय चुकतं?

उत्तर : बहुधा लोणी कमी पडतं आणि झाकण लवकर उघडलं जातं. २५० ग्रॅम मैदा, १ मोठा चमचा बेकिंग पावडर, २ मोठे चमचे साखर आणि पाव चमचा मीठ एकत्र चाळा. २ अंड्यांचे बलक, ४०० मिली कोमट दूध आणि १०० ग्रॅम वितळलेलं लोणी घालून हलकेच ढवळा. बारीक गुठळ्या राहू द्या. जास्त घोटलं की वॉफल चिवट होतात. अंड्यांचा पांढरा भाग वेगळा फेसून शेवटी अलगद मिसळा.

यंत्र पूर्ण तापल्यावरच तेलाचा हात फिरवून पीठ ओता. कडेने येणारी वाफ जवळजवळ थांबेपर्यंत झाकणाला हात लावू नका. आधी उघडलंत तर वॉफल मधोमध फाटून अर्धा वर, अर्धा खाली चिकटतो. वॉफल झाल्याची खूण करणाऱ्या यंत्रावरच्या दिव्यावर विसंबू नका, तो घाईच करतो!

तयार वॉफल एकावर एक रचू नका, झाकूही नका. स्वतःच्याच वाफेने ते मऊ पडतात. जाळीवर ठेवा. सगळ्यांना एकदम वाढायचे असतील तर जाळीसकट १०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवता येतील.