सनरूफ की डिफ लॉक?

प्रश्न : दहा वर्षं छोटी हॅचबॅक चालवल्यावर पहिल्यांदाच खरीखुरी फोर बाय फोर घेतोय. ऑर्डरचा फॉर्म समोर आहे आणि डोकं बधिर झालंय. इंजिनं दोन : दोन लिटरचं टर्बो पेट्रोल आणि २.२ लिटरचं डिझेल. गिअर मॅन्युअल किंवा ऑटोमॅटिक. टॉप मॉडेलला २० इंची अलॉय, काचेचं छप्पर आणि मोठा स्क्रीन. मधल्या मॉडेलला १८ इंची चाकं, पण त्यात जादा पैसे भरून मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) मिळतो. टॉपमध्ये तो नाहीच. रोज घर ते ऑफिस ७ किलोमीटर. महिन्यातून एक-दोनदा कच्चे रस्ते, वर्षातून एकदा डोंगरात लांबचा प्रवास, चौघंजण आणि सामान. बायकोला छप्पर हवंय. मेव्हणा म्हणतो, ऑफ-रोडला डिझेलच, पेट्रोल म्हणजे खेळणं. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा आकडा तुम्ही जाता जाता लिहून टाकलाय : ७ किलोमीटर. मेव्हण्याला तो सांगितला होता का?

मेव्हणे चुकीचे नाहीत, जुने आहेत. पूर्वीच्या पेट्रोल इंजिनाला दम यायचा तो ४,००० आरपीएमच्या आसपास. दगडांतून हळू काढायची तर क्लच घासत बसा, आणि ओढा ओलांडताना डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागावर, पाणी उडालं की गाडी जागेवर बंद. डिझेल तेव्हा खरंच राजा होतं. आता टर्बो पेट्रोलचा पुरता टॉर्कही (फिरवायचा जोर) १,५०० ते २,००० आरपीएमच्या दरम्यान हजर होतो आणि डिस्ट्रिब्युटर इतिहासजमा झाला. उलट डिझेलच्या मागे एक नवं लचांड लागलं : डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली काजळी अडवणारी जाळी. ती भरत आली की गाडी स्वतःच आतली काजळी जाळते. त्यासाठी धुराचं तापमान ६०० अंशांच्या घरात जावं लागतं आणि गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात पळावी लागते. ७ किलोमीटरमध्ये इंजिन जेमतेम गरम होतं.

मी बावीस वर्षं सर्वेक्षण पथकांच्या गाड्या सांभाळल्या. एक डिझेल गाडी तळापासून कामाच्या जागेपर्यंत एवढीच ये-जा करायची, तुमच्या ऑफिसइतक्याच अंतराची. एका सकाळी ड्रायव्हर खुशीत आला : ‘साहेब, ही गाडी ऑइल खात नाही, उलट देते!’ डिपस्टिक काढली. खरंच, ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. दोन बोटांत घेऊन चोळलं, तर पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा भपकारा. जाळी साफ करायला गाडी सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडत होती, दर वेळी काम अर्धवट राहत होतं आणि न जळलेलं डिझेल पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरत होतं. असल्या ऑइलवर बेअरिंग फार दिवस टिकत नाहीत. त्या दिवसापासून मी डिझेल मागणाऱ्याला आधी त्याचं रोजचं अंतर विचारतो.

तेव्हा तुमच्यासाठी पेट्रोल. रोज ४०-५० किलोमीटर मोकळ्या रस्त्याने जात असतात, मागे ट्रेलर ओढायचा असता किंवा टाकीभर इंधनात लांबचा पल्ला गाठायची गरज असती, तर मी डोळे मिटून डिझेल म्हटलं असतं. वाळूत आणि लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचे हळू, पण जास्त जोराचे जादा गिअर) पेट्रोलची तहान वाढते. त्या वार्षिक प्रवासाला पंपांचा हिशेब जरा सांभाळून करा. चढावर पेट्रोल दमेल ही भीती मात्र सोडा. विरळ हवेत टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं; तुमची दोन्ही इंजिनं टर्बो आहेत, ती यातली बरीचशी भरून काढतात.

आणि इंजिनावर इतकी चर्चा केल्यावर सांगतो, खडकाळ वाटेवर इंजिनापेक्षा लो रेंजचं गिअरिंग जास्त कामाला येतं. विक्रेत्याकडून तीन आकडे मागा : पहिल्या गिअरचा रेशो, लो रेंजचा आणि अ‍ॅक्सलचा. तिन्हींचा गुणाकार करा. समजा ४, २.५ आणि ४ आले, तर ४०. म्हणजे इंजिन चाळीस वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा. ८०० आरपीएमला चाक मिनिटाला २० फेरे घेणार, ३० इंची टायर एका फेऱ्यात जवळपास २.४ मीटर जातो, म्हणजे गाडी ताशी तीन किलोमीटरहूनही हळू. माणूस रमतगमत चालतो त्याहून सावकाश, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता. जीप रँग्लरच्या रुबिकॉनमध्ये नुसत्या लो रेंजचाच रेशो ४ आहे, सुझुकी जिम्नीत तो २ च्या आसपास. तरी जिम्नी टर्बोशिवायच्या दीड लिटर इंजिनावर भल्याभल्यांना लाजवते, कारण तीन दारांची जिम्नी भरते सुमारे ११०० किलो. वजन कमी असणं हा कुठल्याच फॉर्मवर न मिळणारा ऑप्शन आहे.

गिअरबॉक्स ऑटोमॅटिक घ्या. (हे लिहिताना माझेच जुने सहकारी मला शिव्या घालणार. घालू देत.) चढावर मोठ्या दगडाशी अडलेल्या मॅन्युअल गाडीत नवशिका क्लच अर्धा दाबून धरतो आणि दहा मिनिटांत क्लच प्लेट जळल्याचा वास दरीभर होतो. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा भाग) असलेली ऑटोमॅटिक तिथे शांतपणे दम धरते. फक्त उताराला लो रेंज आणि पहिला गिअर हाताने लावा, नाहीतर सगळा भार ब्रेकवर पडेल. आणि ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवालीच ना, हे विचारून घ्या. ड्युअल क्लचची, म्हणजे आत दोन क्लच आपोआप चालवणारी, असेल तर माझं मत फिरवा, मॅन्युअल बरी.

आता लॉक. पावसाने कापलेली आडवी घळ डोळ्यांपुढे आणा. तुम्ही ती तिरकी ओलांडताय. पुढचं डावं चाक खड्ड्यात लोंबकळतंय, मागचं उजवं हवेत. साधं डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य मिळतो. चारही चाकांना इंजिन जोडलेलं आणि गाडी तसूभर हलत नाही. दोन चाकं भिरभिरतायत, दोन ढिम्म. या क्षणी मागचं डिफ लॉक केलं की मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असल्यासारखी बरोबर फिरतात आणि जमिनीवरचं चाक गाडी ढकलून काढतं. ट्रॅक्शन कंट्रोल हेच काम भिरभिरत्या चाकाला ब्रेक लावून करतं. बरंच साधतंही, पण चाक आधी घसरल्यावर त्याला जाग येते आणि लांब चढावर ब्रेक तापतात. डांबरी रस्त्यावर आल्यावर लॉक न विसरता काढा, वळणावर टायर ओरडतील.

कंपनीने बसवलेला लॉक बटणासकट, वॉरंटीसकट, गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सशी जुळवून येतो. बाहेरून बसवायचा म्हणजे अ‍ॅक्सल उघडा, वायरिंग ओढा आणि पुढे बिघाड झाल्यावर वॉरंटीवरून वाद घाला. फॉर्म भरताना मी ऑप्शन्सची अशीच दोन भागांत वाटणी करतो : नंतर सहज न बसणारे आणि नंतर सहज बसणारे. लॉक, गिअरबॉक्स, जादा इंधन टाकी पहिल्या भागात. स्क्रीन, दिवे, सीट कव्हर, पायदान, रॅक दुसऱ्यात. ते सगळं सावकाश, बाहेरूनही होतं.

चाकांचंही तसंच. २६५/६० आर १८ आणि २६५/५० आर २० हे दोन्ही टायर बाहेरून जवळजवळ सारख्याच उंचीचे. फरक रबराच्या भिंतीत : पहिल्यात १५९ मिलिमीटर, दुसऱ्यात जेमतेम १३२. वाळूत हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवायची ती त्या भिंतीने पसरावं म्हणून, आणि धारदार दगड रिमपर्यंत पोहोचू नये म्हणूनही तीच कामाला येते. माझ्या स्वतःच्या गाडीला मी हौसेने २० इंची चाकं घेतली होती. पहिल्याच सहलीत एका दगडाने रिमची कड दुमडली, हवा फुस्स, आणि डिकी उघडली तर स्टेपनी अरुंद, तात्पुरती. पुढचे ६० किलोमीटर लटपटत आलो. तुम्ही स्टेपनी पूर्ण मापाची आहे का ते बघा. आणखी एक : टॉप मॉडेलचे ब्रेक मोठे असले तर त्यावर नंतर १८ इंची चाक बसतच नाही. ‘आधी २०, मग बदलू’ हा बेत तिथेच बारगळतो.

राहिलं छप्पर. वहिनींना नाराज करायची माझी इच्छा नाही, पण काच जड असते आणि ती गाडीच्या सगळ्यात उंच जागी बसते. तंबू किंवा रॅक वर ठेवायचा असेल तर काचेच्या छपरासह किती भार चालतो ते लेखी घ्या. कागदावर एकूण कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन असतं. त्यांच्या वजाबाकीत तुम्ही चौघं, सामान, रॅक सगळं बसवायचंय. आकडे मांडून दोघांनी मिळून ठरवा. मी मधलं मॉडेल, पेट्रोल, ऑटोमॅटिक आणि लॉक घेतला असता.

प्रश्न : गाडीसोबत विंच (अडकलेली गाडी ओढायचा दोराचा रहाट) आणि स्नॉर्केल (इंजिनाला छपराच्या उंचीवरून हवा देणारा पाइप) दोन्ही लावून घ्यावं का?

उत्तर : विंच नको, निदान पहिलं वर्ष. पुढच्या अ‍ॅक्सलवर कायमचं ओझं होतं आणि वापरता न येणाऱ्याच्या हातात ती घातक आहे. त्याऐवजी पुढे-मागे चेसिसला बोल्ट केलेले, भार लिहिलेले रिकव्हरी हुक घ्या. ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवून अडकलेली गाडी कधीही हिसडू नका. तो गोळा तुटला की गोळीसारखा सुटतो.

स्नॉर्केल धुळीच्या वाटेवर जरा स्वच्छ हवा देतं, एवढं खरं. पण त्याने गाडी पाणबुडी होत नाही. पाण्यात किती खोल जायचं याचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, स्नॉर्केल लावल्याने तो आपोआप वाढत नाही. अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर पाइप (आतली हवा ये-जा करायच्या नळ्या) आहेत तिथेच राहतात, त्यातून पाणी आत शिरू शकतं. इंजिनाने एकदा पाणी ओढलं की पाणी काही दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. आधी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा आणि आत हात घालून बघा. ओला लागला तर चावीला हात लावायचा नाही, गाडी गॅरेजला ओढतच न्यायची.