पहिल्यांदा समुपदेशकाकडे जाताना

भाऊ, पहिल्याच दिवशी हलकं वाटेल अशी आस ठेवू नको. मी तर एसटीनं परत येताना डोकं धरूनच बसलो होतो. पाऊण तास मॅडम नुसत्या विचारत होत्या: झोप, जेवण, कर्ज, घरी कोण कोण. मनात म्हटलं, ह्या तर काही सांगूनच नाही राहिल्या! तिसऱ्या-चौथ्या खेपेलाही सल्ला मिळाला नाही, मिळाली एक वही. रात्री किती वाजता जाग येते अन् तेव्हा मनात काय चालतं, एवढंच लिहायचं. महिन्याभरानं तीच वही वाचली तेव्हा कळलं, माझी झोप सोसायटीच्या हप्त्यानं कमी अन् बाबांशी बंद झालेल्या बोलण्यानं जास्त उडत होती.

गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतात, समुपदेशक नाही. गावात बोभाटा होईल म्हणून भिऊ नको. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, जिवाला धोका असेल तर मात्र अपवाद. एखाद्याशी नाहीच जुळलं तर दुसरा पाहा, त्यात संकोच काहून? सोयाबीनच्या सवंगणीत खेप चुकणार असेल तर आधी फोन कर. अन् मधेच एखादी रात्र अंगावर आली तर 14416 लाव. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.