आपण कलाकार आहोत हे माणसाला कळतं केव्हा? नोकरी सोडून पूर्णवेळ कलेला वाहून घ्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न चार दिवसांपासून वाचून राहिलो. दिवसा बँकेत काम, रात्री कविता, आठ वर्षांत छापून आलेलं काही नाही, आणि कोणी 'तुम्ही काय करता' विचारलं की 'कवी' हा शब्द जिभेवरून परत फिरतो, असं तुम्ही लिहिलंय. कवितेतलं मला फार कळत नाही. तो परत फिरणारा शब्द मात्र चांगला ओळखीचा आहे, म्हणून लिहितो.

नोकरीचं आधी सांगून टाकतो. सोडू नका. आता पुढचं.

मी झाडीपट्टीतल्या नाटकांचा प्रॉम्टर आहे. गाव लाखांदूर तालुक्यात, तीन एकर धान, आणि 2006 पासून दर हंगामात विंगेत उभा. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतल्या गावांमध्ये भाऊबीजेपासून होळीपर्यंत नाटकं चालतात. धान घरात आलं की हातात पैसा, पैसा आला की मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि मंडई आली की रात्री नाटक. दहाला पडदा उघडतो, पाहुणे-सोयरे शामियान्यात बसतात, उजाडायला आलं की घरी जातात. नाटक कंपन्यांची कार्यालयं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला. पूर्वी बरीच नाटकं शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जोडून असायची. 2014 ला सुप्रीम कोर्टाने बैलांचा पट बंद केला तेव्हा आमच्याकडचे म्हातारे म्हणायचे, आता नाटकही गेलं. बैल सात वर्षं गोठ्यात राहिले, नाटक काही थांबलं नाही.

तर प्रॉम्टर. वही पाहून वाक्य सांगणारा माणूस, एवढंच लोकांना माहीत असतं. कंपनीचा नट आज सिंदेवाहीकडे एका नाटकात बाप, उद्या कुरखेड्याकडे दुसऱ्यात पाटील. तालमी मोजक्या, झोप जीपमध्ये. आजच्या रात्री त्याच्या तोंडात आजच्याच नाटकाचं वाक्य यावं, ही जबाबदारी माझी.

कुजबुजून सांगायचं नसतं, हे पहिल्या आठवड्यात कळतं. कुजबुजलं की 'स' आणि 'श' फुसफुसतात आणि वर टांगलेला माइक नेमकं तेच उचलतो. आवाज गळ्यातच खाली ठेवायचा, बुजलेल्या बैलाच्या मानेवर हात ठेवून बोलतो तसा. कोणाला पहिले दोन शब्द पुरतात. कोणाला शेवटचं क्रियापद लागतं, मागचं तो जुळवून घेतो. एक बाई होत्या, त्यांना शब्द नकोच असायचा. मी जागेवर आहे एवढं दिसलं की झालं. आणि आमच्या बोलीत ळ नाही, डोळ्याचा डोरा होतो. गावातला पोरगा हिरो झाला की रात्रभर त्याच्या डोऱ्यांचे डोळे करत राहावं लागतं. विनोदी पात्राला मात्र डोरेच बोलू द्यायचे, कारण लोक त्यावरच हसतात. आपल्याच बोलीवर आपलेच लोक हसतात याचा मला राग येतो, पण ते वेगळं प्रकरण आहे.

सगळ्यात कठीण वेळ म्हणजे नट दोन पानं गाळून पुढे जातो तेव्हाची. एकदा त्या गाळलेल्या पानांत चिठ्ठी सापडायची होती. ती सापडलीच नाही, आणि समोरचा इन्स्पेक्टर आता 'या चिठ्ठीवरून सिद्ध होते' म्हणणार. मी नोकराचं काम करणाऱ्याच्या हातात माझ्या खिशातली किराण्याची यादी कोंबली, 'साहेब, हे उशीखाली सापडलं' एवढं कानात सांगितलं आणि त्याला आत ढकललं. इन्स्पेक्टरने तेल, साखर, बेसन मनातल्या मनात वाचलं आणि खुनी पकडला. पुढच्या नाइटला लेखक स्वतः आले होते. त्यांना हा प्रकार सांगितला तर म्हणाले, ते वाक्य राहू द्या. आता सांगा, ते वाक्य कोणाचं?

हा प्रश्न मला आधी पडत नव्हता. पहिल्या हंगामात तर मी वाक्य फेकायचो. कोणी श्वास घ्यायला थांबला की टाकलंच. अशाच एका नाइटला कंपनीच्या एका ज्येष्ठ बाई नवऱ्याच्या प्रेतापाशी बसून गप्प झाल्या आणि मी विंगेतून वाक्य दिलं. पुढच्या चार रांगांनी ते ऐकलं. कोणीतरी हसलं. बाईंनी प्रसंग कसाबसा पुरा केला, आत आल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "भाऊ, मी विसरली नव्हती. मी थांबली होती."

बस, एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून नाटक हाती आलं की मी ते दोनशे पानी वहीत स्वतःच्या हाताने उतरवून काढतो, आणि जिथे नट थांबणार तिथे धानाच्या दाण्याएवढं टिंब देतो. तालमीत बघून द्यायचं, नाइटला बघून बदलायचं. विसरलेला माणूस आणि थांबलेला माणूस यातला फरक डोळ्यांत असतो. विसरलेल्याची नजर विंगेकडे सरकते, थोडीशीच, पण सरकते. थांबलेल्याची समोरच राहते. माझी सगळी विद्या एवढीच आहे, आणि ती शिकायला मला पाच हंगाम लागले. नाटक चालू असताना ही विद्या कोणाला दिसत नाही. दिसली तर मी चुकलो असं समजायचं.

आता खरी गोष्ट. माझे भाऊजी शिक्षक आहेत. गावच्या मंडळात दरवर्षी मुख्य भूमिका त्यांची. उंच, आवाज खणखणीत, पाठांतर तर असं की दुसऱ्याचीही वाक्यं म्हणून दाखवतील. त्यांच्या मते मी कलाकार नाही. माझ्या बहिणीच्या लग्नापासून हा वाद चालू आहे. "तू त वही पाहून वाचतं ना बे. वाचनारा कलाकार कसा?" चारचौघांत ओळख करून देतानाही 'हे आमचे साळे, शेती करतात'. खोटं नाही ते. पण त्याच वाक्यात स्वतःला 'नाट्यकलावंत' म्हणतात, पगार तर त्यांचाही शाळेतूनच येतो.

2012 च्या मंडईत आमच्या गावी नाटक होतं. पुरुष गावातले, बाया वडशाहून आणलेल्या. भाऊजी बाप. घरातून काढून दिलेली पोरगी तिसऱ्या अंकात परत येते, आणि बापाने म्हणायचं असतं, 'या घराचं दार तुला कधीच बंद नव्हतं.' ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पंधरा दिवस तालीम झाली. भाऊजी हे वाक्य तोफ सोडल्यासारखं सोडायचे. माझ्या वहीत तिथे टिंब नव्हतं.

रात्रीचे साडेतीन वाजले असतील. थंडी अशी की वही धरलेली बोटं वाकत नव्हती. पोरीचं काम करणारी बाई आली, उंबरठा म्हणून ठेवलेल्या पाटाशी उभी राहिली. भाऊजी म्हणाले, "या घराचं..." आणि थांबले.

मी पहिला शब्द ओठावर आणला. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. नजर विंगेकडे आली नाही. ते त्या बाईकडेच पाहत होते. हनुवटी थोडी हलत होती. माझी भाची तेव्हा नववीत, ती पुढच्या रांगेत शाल घेऊन बसली होती. त्यांना त्या क्षणी ती दिसली की काय, मला माहीत नाही. ऑर्गनवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, थांब म्हणून. मनात मोजलं. एक. दोन. शामियान्यात एक पोर रडत होतं, ते पण गप्प झालं. तीन. चार. मग मी दिलं, "दार". एवढा एकच शब्द. भाऊजी म्हणाले, "दार... तुला कधीच बंद नव्हतं", आणि आवाज मध्येच फाटला. तोफ नाही, काही नाही. बायांच्या बाजूने हुंदके सुरू झाले. शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्याने स्टेजवर येऊन 101 रुपये हातात दिले.

पडदा पडल्यावर ते माझ्या अंगावर धावून आले. "तू मुद्दाम केलं! मले चार गावात उघडा पाडत होता!" दुसऱ्या दिवशी चौकात, चहाच्या टपरीवर, मात्र लोकांना सांगत होते की तो थांबा आपण ठरवूनच घेतला होता. म्हणजे घरी मी दगाबाज आणि चौकात तो त्यांचा अभिनय. दोन्ही एकदम कसं असेल? मी त्यांना विचारलं, भाऊजी, विसरला होता की थांबला होता? बारा-तेरा वर्षं झाली, उत्तर नाही.

मी मात्र त्या सकाळी घरी येऊन वहीत टिंब दिलं. वही काळ्या पेनाची, टिंब निळं, अजून दिसतं. 2019 ला मंडळाने तेच नाटक पुन्हा बसवलं तेव्हा बापाचं काम दुसऱ्याने केलं आणि तालमीपासून तो तिथे थांबू लागला, कारण मी त्याला थांबवलं. भाऊजी प्रेक्षकांत होते. घरी जाताना म्हणाले, "माह्यासारखं नाही जमलं त्याले." खरंय, नाही जमलं. पण त्याला तो थांबा मिळाला कुठून, हे बोलले नाहीत.

2023 ला आमच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, झाडीपट्टीत सगळ्यांना आपल्याच घरी आल्यासारखं वाटलं. मी धानाच्या बांधीत लाखोरीचं पीक पाहत होतो तेव्हा भाऊजींचा फोन. आधी दोघंही भरभरून बोललो. मग शेवटी तेच, "पाह्य, पद्मश्री नटाले भेटते. प्रॉम्टरले नाही भेटत." माझं म्हणणं, नाही भेटत तर नाही भेटत. लाखोरीलाही नाही भेटत.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. कळतं केव्हा? छापून आल्यावर कळतं असं मला वाटत नाही, आणि लोकांनी म्हटल्यावर तर नाहीच, भाऊजींना अर्धा तालुका कलाकार म्हणतो. मला विचाराल तर त्या बाईंनी 'मी थांबली होती' म्हटलं तेव्हा जी लाज वाटली, तिथून माझं सुरू झालं. आपलंच काम आपल्याला टोचायला लागलं, कोणी न सांगता. तुम्ही रात्री अकराला कवितेतला एक शब्द खोडून पुन्हा तोच लिहीत असाल, आणि सकाळी बँकेत कोणाचं पासबुक भरताना तो पुन्हा खोडावासा वाटत असेल, तर 'कवी' म्हणा, न म्हणा, काय फरक पडतो? म्हणायचंच असेल तर म्हणून टाका. लाज वाटते म्हणता, तर वाटू द्या. मला अजून वाटते. तिकीट काढून आलेला पाहुणा बाजूला बसला आणि विचारलं की मीही 'शेती' म्हणतो. भाऊजींचं हे एक बोलणं मी बिनभाड्याने वापरतो.

नोकरी सोडू नका असं मी एका दमात म्हटलं, त्यात थोडं उणं आहे, ते सांगायला पाहिजे. माझ्याकडे धान आहे, सोसायटीचं कर्ज असलं तरी पायली दोन पायली घरचं असतं. पहिल्या हंगामात मला नाइटचे 100 रुपये मिळायचे, ते मिळाले न मिळाले तरी चूल पेटायची. कंपनीतल्या बायांचं तसं नाही. होळी झाली की त्यांची कमाई बंद, मग कोणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, कोणी धुणीभांडी. त्यांना 'छंद म्हणून करा' सांगणाऱ्याच्या कानाखाली द्यावीशी वाटते. तेव्हा माझा सल्ला पोट भरलेल्याचा आहे असं समजा. शिवाय कविता लिहायला विंग लागत नाही, रात्रभर जागायचं तर घरीच जागता येतं, म्हणून तुमचं कदाचित नोकरीसोबत निभेलही. नाही निभलं तर मला दोष देऊ नका.

आणि दुसरं, दुसऱ्याच्या थांबण्यात शब्द टाकू नका. तुमच्या कवितेत असं होत असेल का, मला माहीत नाही. नाटकात होतं.

भाची आता नागपूरला असते, मोबाइलवर सगळं वाचते. हे तिच्या नजरेस पडलं तर ती बापाला वाचून दाखवणारच, आणि भाऊजी पुन्हा म्हणतील, अर्धा मिनिट उभा ठेवलं मले. तर पोरी, त्यांना सांग, अर्धा मिनिट नाही. चार मोजले होते. ऑर्गनवाला जिवंत आहे, विचारा त्याला.