एचआरच्या ‘चालेल हो’वर विसंबू नका

बातमीदारी आणि बँड दोन्ही कसं सांभाळायचं, असं विचारणारी तुमची पोस्ट दोनदा वाचली. हवामान बदलाच्या बातम्यांच्या बीटवर दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा पंक बँडची प्रॅक्टिस, संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद संपते त्याच्या दुसऱ्याच दिवशी शो, आणि संपादक म्हणतात, ‘मला अडचण नाही, पण जरा जपून.’ या ‘जरा जपून’पाशी मी थबकले. अगदी हेच शब्द मीही ऐकलेत. मी बेस गिटार वाजवते, मध्येमध्ये ओरडते (आमच्यात त्यालाच गाणं म्हणतात) आणि पोटासाठी हवामानावर लिहिते.

वेळ कसा काढायचा, झोप कधी घ्यायची हे तुमचं तुम्ही बघालच. मी एकाच चुकीबद्दल सांगते, कारण तीच मला सगळ्यात महागात पडली.

बँड सुरू झाला तेव्हा मी शहाण्यासारखी एचआरकडे गेले. बाहेरच्या कामाच्या परवानगीचा एक फॉर्म होता, त्यात ‘अपेक्षित उत्पन्न’ असा रकाना. मी शून्य लिहिलं. खोटं नव्हतं ते, उलट दर गिगला (कार्यक्रमाला) आम्हीच पदरचे घालत होतो. फॉर्म परत आला : उत्पन्न नसल्यास हा फॉर्म लागू नाही. मग ‘अनिश्चित’ लिहिलं. परत आला : आकडा भरा. तिसऱ्यांदा परत आल्यावर स्वतःच जाऊन उभी राहिले, तर स्क्रीनवरची नजर न हलवता उत्तर मिळालं, ‘छंद आहे ना? मग चालेल हो.’ त्या ‘चालेल हो’वर खूश होऊन मी बाहेर पडले. मेल नाही, सही नाही, तारीखही टिपून ठेवली नाही.

दोनेक वर्षांनी कोळशावरच्या एका वीजप्रकल्पावर मालिका करत होते. राख कुठे टाकतात, मंजुरी घेताना पाण्याचे कोणते आकडे दाखवले, असं सगळं. कागद जमवण्यातच चार महिने गेले. त्याच काळात बँडला एका मदतनिधीच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. गिटारवाल्याने परस्पर होकार कळवला आणि आयोजक कोण, हे मी विचारलंच नाही. अर्ध्या तासाचा तर सेट, त्यात काय विचारायचं! साउंडचेकला पोचले आणि स्टेजमागचा बॅनर पाहिला. त्याच प्रकल्पाविरुद्ध कोर्टात गेलेली संघटना. तेव्हाच बेस बॅगेत भरून घरी जायला हवं होतं. मी काय केलं? बॅनरकडे पाठ करून वाजवलं. जणू मला तो दिसला नाही म्हणजे त्याला मी दिसणार नव्हते.

मालिकेचा पहिला भाग छापून आला आणि चौथ्या दिवशी कंपनीच्या वकिलाची नोटीस. सोबत स्टेजवरचा फोटो, मागे बॅनर, माझ्या चेहऱ्याभोवती लाल गोल. बातमीतल्या एकाही आकड्याला त्यांनी हात लावला नव्हता. त्यांना गरजच काय? संपादकांनी विचारलं, बँडची परवानगी घेतली होती का? मी म्हटलं, घेतली होती. एचआरकडून लेखी उत्तर आलं : अशी कोणतीही नोंद उपलब्ध नाही. एकच फॉर्म तीनदा परत करणाऱ्यांकडे नोंद नाही! अजूनही हे लिहिताना डोकं फिरतं, असो. उरलेले भाग छापलेच नाहीत आणि बीट माझ्याकडून दीड वर्ष काढून घेतली. त्याहून वाईट म्हणजे, ज्यांनी जोखीम घेऊन मला कागद दिले होते त्यांना फोन करावे लागले. एकाने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

म्हणून तुम्ही आजच संपादकांना मेल टाका. ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून बँडचं नाव, तुम्ही काय वाजवता, पैसे मिळतात की नाही, सगळं लिहा. उत्तर आलं नाही तरी मेल तर राहतो. आणि कुठलंही बोलावणं आलं की आयोजक कोण, प्रायोजक कोण, तिकिटाचे पैसे कुठे जाणार, हे लेखी मागा. (मी वकील नाही, प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात. नेमणुकीच्या करारातलं बाहेरच्या कामाचं कलम स्वतः वाचा.)

पंकमध्ये राजकीय मतं असतात म्हणून बातमीदाराने ते वाजवूच नये, हे मात्र मला मुळीच पटत नाही. माणसामुळे पृथ्वी तापली हे ‘निःसंशय’ आहे, असं आयपीसीसीनेच (हवामान बदलाच्या विज्ञानाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती) 2021 च्या अहवालात म्हटलंय, मग तेच तीन कॉर्ड्सवर ओरडून सांगितलं तर बिघडलं कुठे? पण ज्यांची बातमी करता त्यांच्यासाठी पैसे गोळा करणं ही वेगळी गोष्ट. तिथे वकिलाच्या जागी मी असते तरी मीही तो फोटो लावला असता.

गाण्यांवरून आठवलं. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये आयपीसीसीचा दीड अंशांवरचा अहवाल आला. तापमानवाढ तिथेच रोखायची तर कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन 2030 पर्यंत 2010 च्या तुलनेत सुमारे 45 टक्क्यांनी घटायला हवं, असं त्यात होतं. मथळ्यांमध्ये त्याचं झालं ‘उरली फक्त बारा वर्षं’. आमच्या गायकाने नेमकी तीच ओळ ध्रुपदात घातली. मी म्हटलं, अहवालात असं नाही. तो म्हणाला, ‘पंचेचाळीस टक्के’ तालात बसवून दाखव. नाही बसलं. ते गाणं आम्ही अजून वाजवतो आणि ती ओळ आली की मी माइकपासून लांब सरकते.

जाता जाता कानांबद्दल. आवाजाची सुरक्षित मर्यादा साधारण 85 डेसिबलला आठ तास धरतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं, आणि बंद खोलीत ड्रमशेजारी 100 काहीच नाही. कानात शीळ घुमत असताना मुलाखतीचं रेकॉर्डिंग उतरवून बघा एकदा. फोमच्या बोळ्यांनी वरचे सूर जास्त दबतात, तेव्हा वादकांसाठीचे वेगळे इयरप्लग मिळतात ते घ्या.

आता तुमचा शनिवारचा शो. हवामान परिषद कागदावर शुक्रवारी संपते, त्यावर जाऊ नका. माद्रिदची 2019 मध्ये शुक्रवारी संपायची ती रविवारी संपली. 2022 ची शर्म अल-शेखची आणि 2024 ची बाकूचीही रविवार उजाडेपर्यंत लांबली. आयपीसीसीचंही तेच. मार्च 2023 मध्ये संश्लेषण अहवालाची (आधीच्या अहवालांचं सार) मंजुरी शुक्रवारी, 17 तारखेला होईल या हिशेबाने मी शनिवारचा गिग घेतला. ती झाली रविवारी. गिगच्या मध्यात डेस्कचा फोन आला आणि मी ड्रमच्या रिकाम्या केसवर लॅपटॉप ठेवून बातमीची पार्श्वभूमी टाइप करत बसले.

शो आठवडाभर पुढे जात असेल तर ढकला. नसेल तर तुमच्याशिवाय वाजवता येतील अशी चार गाणी आत्तापासून बसवून ठेवा. आमची बेसशिवायची चार गाणी त्या रात्री ऐकवत नव्हती, पण वाजली.